सर्वांत मागे कोण असतं?

सायकल चालवायला परवाना लागत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळे तिला नोंदणी क्रमांक नको, विमा नको, चालवणाऱ्याला वयाची अट नको. एके काळी नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला अडकवावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. तेही दिवस गेले. आज कुणीही उठावं, टांग मारावी आणि निघावं. मग रविवारी सकाळी तीस-चाळीस माणसांनी मिळून सायकली चालवायच्या म्हटल्या, की आधी नाव का नोंदवावं लागतं? नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन, आणि खाली ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ असं एक वाक्य. एवढा कागद भरायचा तो कशासाठी?

हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. गेली काही वर्षं मी आमच्या सोलापुरातल्या एका सायकल गटाबरोबर फेरीला जातो. शिक्षण बी.ए.पर्यंतचं आणि नाद कवितेचा, त्यामुळे व्यायामावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. पण सायकलीशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. विजापूर वेशीजवळ माझ्या मामूंचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलणं ही कामं तिथे चालत आणि सायकली तासावर भाड्यानं मिळत. लहानपणी सुट्टीत त्या दुकानाची वही माझ्याकडे असे. वहीत रकाने चार. घेणाऱ्याचं नाव, मडगार्डवर रंगवलेला सायकलचा नंबर, नेल्याची वेळ आणि शेवटचा रकाना ‘ओळख’. म्हणजे हा पोरगा कुणाचा, कुठल्या गल्लीतला, सायकल घेऊन परत आला नाही तर कुणाकडे जायचं. तासाचे पन्नास पैसे मामू एखादे वेळी सोडून देत, पण ‘ओळख’ कोरी असली तर सायकल देत नसत.

आज मोबाइलवर येणारा फॉर्म हा त्या वहीचाच नातू आहे. फरक इतकाच, की वहीला काळजी सायकलीची होती आणि फॉर्मला काळजी माणसाची आहे. तो नीट भरायचा असेल तर त्यातला एकेक रकाना काय विचारतो हे समजून घ्यायला हवं.

पहिला महत्त्वाचा रकाना आपत्कालीन संपर्काचा. निम्मे लोक इथे स्वतःचाच नंबर लिहितात. आमच्या गटात गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. हिप्परग्याहून परतताना रस्त्यावरच्या वाळूवर त्यांची सायकल घसरली आणि ते बेशुद्ध पडले. गटप्रमुखानं यादी काढून फोन लावला, तर घंटी त्यांच्याच खिशात वाजू लागली. घर कुठे, मुलं कुठे, कुणालाच माहीत नाही. एकाला त्यांची पेठ ठाऊक होती, म्हणून दोन तासांनी घरचा पत्ता लागला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते पुढे जुळलं. पण ते दोन तास त्यांच्या घरी चहा गार होत होता आणि इकडे रुग्णालयात ‘नातेवाईक कोण?’ या प्रश्नाला आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत होतो. तेव्हा या रकान्यात जो माणूस त्या वेळी घरी असेल, फोन उचलेल आणि ऐकून घाबरून जाणार नाही, त्याचा नंबर लिहावा. त्याला तसं सांगूनही ठेवावं.

दुसरा रकाना रक्तगटाचा. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानं रक्तगटांचा शोध १९०१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि रक्त देणं हा जुगार राहिला नाही. पण फॉर्मवर गट लिहिला म्हणून डॉक्टर तेच रक्त चढवत नाहीत. ते आधी तपासणी करतात, जुळवून पाहतात आणि मगच देतात. मग लिहायचा कशाला? गट दुर्मीळ असेल तर रक्तदात्याची शोधाशोध तपासणीचा निकाल येण्याआधीच सुरू करता येते म्हणून. या रकान्यापेक्षाही मोलाचा रकाना बऱ्याच फॉर्मवर नसतोच. तो आपण स्वतः जोडावा. मधुमेह आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर श्रमानं एकदम उतरू शकते. त्याच्या खिशात साखर किंवा गोड बिस्किट हवं आणि ते कुठल्या खिशात आहे हे शेजारच्याला माहीत हवं. उपास असेल तर तोही सांगावा, मग एकादशीचा असो की रमजानचा रोजा. रोज्यात पाणीही वर्ज्य असतं आणि सोलापूरचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. मी रमजानमध्ये यादीत नाव घालतच नाही. महिना संपला की पुन्हा घालतो.

तिसरा भाग त्या धाक घालणाऱ्या वाक्याचा, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’. हे वाचून काही जण कागद बाजूला ठेवतात. वाक्याचा अर्थ असा, की आपली तब्येत, आपल्या सायकलीचे ब्रेक आणि आपली शिस्त यांना आपण जबाबदार आहोत. आयोजक ही हौसेनं काम करणारी माणसं आहेत. पण मागून एखाद्या ट्रकनं धडक दिली, तर त्या चालकाची जबाबदारी या वाक्यानं पुसली जात नाही. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा आपला हक्क तसाच राहतो. आणखी एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. रस्त्यावर जखमी झालेल्याला मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन तसं कलमच आलं. चांगल्या हेतूनं मदत केली तर पोलीस आपल्याला साक्षीदार होण्याची किंवा नाव-गाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. तेव्हा बघत उभं राहू नये. १०८ क्रमांक फिरवावा. आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.

इतकी सावधगिरी कशाला, असं कुणाला वाटेल. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. एखाद्या मध्यम शहराची वस्तीच म्हणा ना. त्या रस्त्यावर सायकलवाल्याच्या भोवती ना पत्रा असतो, ना काच. डोक्यावरचं हेल्मेट तेवढं आपल्या हातात आहे. कायदा सायकलस्वाराला त्याची सक्ती करत नाही, पण बहुतेक गट करतात आणि ते योग्यच आहे. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, कपाळ झाकेल असं आडवं बसावं. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट शोभेचं. आणि एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं.

हे झालं कागदाचं. आता फेरी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू, कारण नाव नोंदवण्याचा खरा अर्थ रस्त्यावर कळतो.

आमची नेहमीची फेरी हिप्परग्याच्या तलावापर्यंत. तुळजापूर रस्त्यानं शहराबाहेर पडलं, की काही किलोमीटरवर हा एकरुखचा तलाव लागतो. ब्रिटिश अमदानीत १८७१ साली तो बांधला गेला. हिवाळ्यात पाण्यावर पाखरं उतरतात. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. सकाळी निघण्याआधी गटप्रमुख यादी वाचतो, माणसं मोजतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो. परतल्यावर पुन्हा मोजतो. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. नोंदणीचा मूळ उपयोग हाच आहे. ज्याचं नाव यादीत नाही, तो वाटेत मागे राहिला तर तो राहिला आहे हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

रांगेत सर्वांत पुढे एक म्होरक्या असतो आणि सर्वांत मागे एक राखणदार. म्होरक्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि राखणदाराच्या मागे कुणी राहायचं नाही. नवख्या माणसाला वाटतं, की आपण हळू जाणारे, आपली जागा शेवटी. हिशेब उलटा आहे. रांगेत पुढच्यानं थोडा ब्रेक दाबला, की त्याच्या मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. शेवटच्याला कधी कधी पाय टेकावा लागतो. मग पुढचे निघतात आणि पडलेली फट भरून काढायला शेवटच्याला जीव खाऊन पेडल मारावं लागतं. हार्मोनियमचा भाता जसा मिटतो आणि उघडतो, तशी रांग सतत मिटत-उघडत असते आणि त्याचा सगळा ताण शेपटाला बसतो. म्हणून सर्वांत सावकाश जाणाऱ्याला म्होरक्याच्या पाठोपाठ ठेवावं आणि शेवटी सर्वांत दमदार, अनुभवी माणूस असावा. पंक्चर काढायचं सामान, हवेचा पंप आणि औषधाची पेटी त्याच्याच जवळ असावी.

वाऱ्याचंही एक गणित आहे. सायकलीचा वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो. ताशी तीस किलोमीटरच्या वेगात सपाट रस्त्यावर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. अशा वेळी दुसऱ्याच्या अगदी मागोमाग गेलं तर पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. शर्यतीतले सायकलपटू म्हणून तर चाकाला चाक लावून जातात. पण रविवारच्या आमच्या पंधरा-सोळाच्या वेगात हा फायदा थोडा आणि धोका मोठा. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूनं घासलं, तर तो सहसा सावरतो, पडतो ते आपण. म्हणून एका सायकलीइतकं तरी अंतर ठेवावं. खड्डा दिसला की हात खाली करून त्या बाजूला दाखवावा आणि ‘खड्डा’ असं ओरडावं. मागून गाडी आली तर शेवटच्यानं हाक द्यावी आणि ती हाक प्रत्येकानं पुढे पोचवावी. मुशायऱ्यात एक मिसरा शेवटच्या रांगेपर्यंत जातो ना, अगदी तसं.

विश्रांतीचा नियम मला सर्वांत आवडतो. पुढचे लोक तलावावर आधी पोचतात, पाणी पितात, केळी खातात, फोटो काढतात. तेवढ्यात शेवटचा माणूस धापा टाकत येतो आणि हे म्हणतात, ‘चला, निघू या.’ ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी! म्हणून चांगल्या गटात घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर लावतात. तो आला की तिथून दहा मिनिटं. ज्या गटात हा नियम पाळला जातो, त्या गटात डोळे मिटून नाव घालावं.

सगळ्या फेऱ्या अशा नसतात, हेही सांगायला हवं. ‘ब्रेव्हे’ नावाचा एक प्रकार आपल्याकडे चांगला रुजला आहे. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरं करायचं असतं. तिथे म्होरक्याही नसतो आणि राखणदारही नसतो. आपलं पंक्चर आपण काढायचं, आपली भूक आपण भागवायची. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही या सर्वांची आजी. ती १८९१ साली सुरू झाली. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, मुदत जास्तीत जास्त नव्वद तास. दर चार वर्षांनी ती होते. २०२३ मध्ये झाली, त्यात भारतातलेही सायकलस्वार होते. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम. पण तिथला फॉर्म आणि आपल्या रविवारच्या फेरीचा फॉर्म यांत गफलत करू नये. नाव घालण्याआधी विचारावं, ही फेरी वेळेची आहे की सोबतीची?

आता ज्यांच्यासाठी मी मुद्दाम बोलतो आहे, त्यांच्याकडे वळतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या सुमारे निम्म्या घरांत सायकल आहे. पण रविवारच्या फेरीत ही निम्मी घरं दिसत नाहीत. एकदा नोंदणीच्या टेबलाशी अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यातला एक कामगार उभा होता. जुनी काळी बावीस इंची सायकल, कॅरिअरला डबा. कुणीतरी त्याला म्हणालं, ‘ही सायकल चालणार नाही, गिअरची लागते.’ तो म्हणाला, ‘साहेब, रोज चौदा किलोमीटर चालतीया की ही.’ गटप्रमुख शहाणा होता. त्यानं मागचा ब्रेक दाबून पाहिला, पुढचा दाबून पाहिला, घंटी वाजवली, हँडल हलवून पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. तपासायचं असतं ते एवढंच. हल्ली तो माणूस आमचा राखणदार असतो. कुणाची चेन पडली तर उतरून, बोटं काळी करून, दोन मिनिटांत चढवून देतो. गिअरच्या सायकली पुष्कळ आहेत आमच्याकडे. असा माणूस एकच आहे.

आणि बायका. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरता मोहीम सुरू झाली. तिथल्या तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी अक्षरांच्या जोडीला बायकांना सायकल शिकवण्याचा आग्रह धरला. शेतमजूर, दगडखाणीत खपणाऱ्या, अंगणवाडीतल्या बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. पाणी आणणं, मुलाला शाळेत सोडणं, बाजार करणं यांसाठी बसची किंवा घरातल्या पुरुषाची वाट पाहणं संपलं. सुरुवातीला त्यांना टोमणे ऐकावे लागले. पण एकटीला टोमणा मारणं सोपं असतं. शंभर जणी एकदम निघाल्या की मारणारा रस्त्याच्या कडेला होतो. समूहानं जाण्याचा हा फायदा कुठल्याही फॉर्मवर छापलेला नसतो.

माझी धाकटी बहीण उर्दू शाळेत शिक्षिका आहे. मामूंच्या दुकानातल्या सायकलीवर ती माझ्याआधी शिकली आणि तेराव्या वर्षी तिची सायकल सुटली. का सुटली, ते आमच्या पिढीतल्या कुठल्याही घरात सांगावं लागणार नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिनं माझ्याकडून फॉर्म मागून घेतला. अंतर किती, वेग किती, पैसे किती, यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘भाईजान, सबके पीछू कौन रहता?’ सर्वांत मागे कोण असतं? मी राखणदाराचं सांगितलं. तो कोण आहे, कसा आहे, मध्येच सोडून तर जात नाही ना, हे तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि मग सही केली. तिच्या पाठोपाठ तिच्या शाळेतल्या तिघी आल्या. सलवार चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी रबर लावायचं आणि ओढणीला गाठ मारायची, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.

मला वाटतं, नाव नोंदवण्याआधी विचारायचा प्रश्न तिनं विचारला तोच आहे. बाकीचे त्याच्याच पोटात येतात. शेवटी कोण राहणार? विश्रांतीचं घड्याळ कधी सुरू होणार? परतल्यावर माणसं मोजणार का? कुणी थकलं तर त्याला सायकलीसह परत आणायची सोय काय? शुल्क असेल तर ते कशावर खर्च होणार? आयोजकांनी यांची सरळ उत्तरं दिली तर गट चांगला समजावा. उत्तरं देताना ते सायकलींच्या किमती सांगू लागले, तर दुसरा गट पाहावा. आणि जवळपास गटच नसेल, तर चार शेजाऱ्यांनी एक वही घालावी. तिच्यात मामूंच्या वहीसारखे चार रकाने पुरेत.

फेरीच्या आदल्या दिवशी दोन्ही चाकांत हवा भरावी, ब्रेकचे गुटके पाहावेत, चेनला तेल द्यावं. रात्री वेळेवर झोपावं. सकाळी पोटात थोडं काही असावं आणि बाटलीत पाणी. पन्नाशी उलटलेल्यांनी पहिल्याच दिवशी तरण्यांशी चुरस करू नये. बोलता बोलता दम लागत नाही तोच आपला वेग. आणि फॉर्ममध्ये घरच्या माणसाचा नंबर लिहिला की तो एकदा फोन लावून बघावा. घंटी घरी वाजली पाहिजे.